सावेदादा भाटवडेकर यांची छायालेखन-कारकीर्द : बिली बिट्झरच्या संदर्भात एक तौलनिक अभ्यास

प्रस्तावना

भारतीय चित्रपटाचा इतिहास लिहिताना त्याचा आरंभ बहुधा ३ मे १९१३ या दिवसापासून केला जातो. त्या दिवशी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. फाळके यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. परंतु त्याच्या चौदा वर्षे आधी, १८९९ मध्ये, याच मुंबईत एका मराठी माणसाने चलच्चित्राचा कॅमेरा चालवून एका कुस्तीचे चित्रण केले होते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे त्यांचे नाव. इतिहासग्रंथांत त्यांचा उल्लेख 'पहिले भारतीय छायालेखक' असा एका वाक्यात होतो आणि लेखणी तातडीने फाळक्यांकडे वळते.

सावेदादांची ज्ञात छायालेखन-कारकीर्द अवघ्या चार-पाच वर्षांची आहे. ती इतक्या लवकर का संपली, या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर असे की, या कामात त्यांना साथ देणाऱ्या बंधूंचे निधन झाले आणि त्यांनी कॅमेरा विकून टाकला. हे उत्तर खोटे नाही, मात्र अपुरे आहे. घरातील एका मृत्यूने एखाद्या व्यक्तीचा उद्योग थांबू शकतो. संपूर्ण शहरातील एक नवा व्यवसाय थांबावा हे त्याने स्पष्ट होत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात सावेदादांच्या कारकिर्दीशेजारी त्यांच्याच पिढीतील एका अमेरिकन छायालेखकाची कारकीर्द ठेवून पाहिली आहे. जोहान गॉटलोब विल्हेल्म बिट्झर, म्हणजेच चित्रपटसृष्टीला परिचित असलेला बिली बिट्झर, हा तो छायालेखक होय. सावेदादांचा जन्म १८६८ चा, बिट्झरचा १८७२ चा. दोघांनीही कॅमेरा हाती घेतला तेव्हा 'छायालेखक' नावाचा व्यवसाय जगात कोठेच स्थिरावलेला नव्हता.

वॉटसन हॉटेल आणि एकवीस गिनींचा कॅमेरा

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचा भारतातील पहिला खेळ झाला. प्रवेशमूल्य एक रुपया होते. काही दिवसांतच हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरमध्ये होऊ लागले. वॉटसनमधील प्रेक्षकांत सावेदादा होते. ते व्यवसायाने छायाचित्रकार. इतर प्रेक्षक पडद्यावरच्या आगगाडीकडे पाहत असताना छायाचित्रकाराचे लक्ष यंत्राकडे गेले असल्यास नवल नाही. स्थिर छायाचित्र काढण्याची विद्या त्यांच्या हातात होतीच. प्रश्न फक्त यंत्र मिळविण्याचा होता.

सावेदादांनी इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथील रायली ब्रदर्स या पेढीचा कॅमेरा मागविला. त्याची किंमत एकवीस गिनी. एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. तेव्हा ही रक्कम सुमारे बावीस पौंड होते. १८९९ मध्ये पौंडाचा दर पंधरा रुपये ठरलेला होता. त्या हिशेबाने कॅमेऱ्याची मूळ किंमत तीनशे तीस रुपयांच्या आसपास पडली. प्रवासखर्च व जकात त्यावेगळी. वॉटसनच्या तिकिटाशी ताडून पाहिले तर तीनशे तीस प्रेक्षकांच्या प्रवेशमूल्याएवढी ही रक्कम आहे. मुंबईतील बऱ्या चाललेल्या छायाचित्रकाराला ती परवडण्याजोगी होती. म्हणजेच कॅमेरा ही अडचण नव्हती. ही गोष्ट येथेच नोंदवून ठेवणे आवश्यक आहे, कारण भारतात चित्रपटनिर्मिती उशिरा सुरू होण्याचे कारण म्हणून भांडवलाच्या अभावाचा उल्लेख अनेकदा सरसकट केला जातो.

१८९९ : दोन लढती

सावेदादांनी पहिल्या चित्रणासाठी कुस्ती निवडली. पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन मल्लांची लढत मुंबईतील हँगिंग गार्डनमध्ये चित्रित करण्यात आली. ही निवड समजून घेण्यासारखी आहे. त्या काळचा कॅमेरा तिकाटण्यावर एकदा बसवला की बसवला. तो सहज वळवता येत नसे. हँडल हाताने आणि एकसारख्या लयीत फिरवावे लागे. सेकंदाला साधारण दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रे, हे प्रमाण रूढ होते. लय चुकली की पडद्यावरील माणसे धावू तरी लागत किंवा रेंगाळू तरी लागत. फिल्मची लांबी इतकी कमी की चित्रण जेमतेम मिनिटभराचे होई. अशा यंत्रासमोर ठेवायचा विषय कसा हवा? हालचाल भरपूर, पण एका ठरावीक वर्तुळाच्या बाहेर न जाणारी. कुस्ती ही अट तंतोतंत पूर्ण करते. शिवाय प्रेक्षकाला ती समजावून सांगावी लागत नाही. बीड जिल्ह्यातील जत्रा-उरुसांतून कुस्तीचा फड ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. सलामी झाली की हलगीच्या ठेक्यावर सगळ्या गर्दीची नजर एका हौद्यावर खिळते. कॅमेऱ्याला नेमके हेच हवे होते.

चित्रण उघड्यावर करणेही अपरिहार्य होते. तत्कालीन फिल्म निळ्या प्रकाशाला संवेदनशील आणि लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. तांबडी माती त्या फिल्मवर काळसर उमटे आणि निरभ्र आकाश कोरे पांढरे. मुंबईच्या उन्हात मल्लांची अंगे मातीपासून वेगळी दिसतील अशा बेताने प्रकाश साधणे, ही गोष्ट अनुभवी छायाचित्रकारालाच जमण्यासारखी होती.

त्याच वर्षी, ३ नोव्हेंबर १८९९ रोजी, न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे जेम्स जेफ्रीज आणि टॉम शार्की यांच्यात जागतिक अजिंक्यपदाची मुष्टियुद्धाची लढत झाली. तिचे चित्रण अमेरिकन म्युटोस्कोप अँड बायोग्राफ कंपनीने केले आणि त्या चमूत बिली बिट्झर होता. लढत रात्री, छपराखाली. त्यामुळे रिंगणावर सुमारे चारशे विद्युत्‌-दिवे टांगण्यात आले होते. पंचवीस फेऱ्यांची ही लढत दिव्यांच्या असह्य उष्णतेत खेळली गेली आणि ती चित्रित झाली.

दोन छायालेखकांनी एकाच वर्षी, एकमेकांची वार्ता नसताना, एकच प्रकारचा विषय निवडला, यात योगायोगापेक्षा यंत्राची गरज अधिक दिसते. अमेरिकेत मुष्टियुद्धाचे चित्रण त्यापूर्वीही झाले होते; कॉर्बेट-फिट्झसिमन्स लढत १८९७ मध्येच फिल्मवर आली होती. पण फरकही लक्षणीय आहे. हँगिंग गार्डनमध्ये एका छायाचित्रकाराने स्वतःच्या पैशाने आणलेला कॅमेरा स्वतः चालविला. कोनी आयलंडमध्ये एका कंपनीने दिवे, वीज, कामगार आणि कॅमेरे यांची जुळणी केली आणि बिट्झर हा त्या कंपनीचा पगारी नोकर होता. तो मुळात छायाचित्रकारही नव्हता. चांदीच्या कारागिरीचे आणि विजेच्या कामाचे शिक्षण घेतलेला हा तरुण कंपनीत शिरला आणि तेथे छायालेखन शिकला. कौशल्याच्या दृष्टीने पाहिल्यास १८९९ मध्ये सावेदादांची तयारी बिट्झरपेक्षा कमी होती असे मानण्यास कोणताही आधार नाही.

धुलाईचा प्रश्न

पुढचा टप्पा निर्णायक आहे. कुस्तीचे चित्रण झाल्यावर ती फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. स्थिर छायाचित्राच्या काचा मुंबईतील अंधाऱ्या खोलीत धुता येत. चलच्चित्राची लांबलचक फीत धुणे, वाळवणे, तिच्यावरून प्रिंट काढणे यांची सोय मात्र येथे नव्हती. आगबोटीने फिल्म जायची, तेथे धुतली जायची आणि आगबोटीनेच परत यायची. मधल्या काळात सावेदादांनी प्रोजेक्टर मिळवून परदेशी चित्रपटांचे खेळ उघड्यावर लावण्यास सुरुवात केली.

छायालेखकाच्या दृष्टीने या आठवड्यांचा अर्थ काय होतो, याचा विचार इतिहासलेखनात फारसा झालेला नाही. प्रकाश कमी पडला, भिंगाचे छिद्र अधिक उघडायला हवे होते, कॅमेरा दोन पावले मागे घ्यायला हवा होता, हे सारे फिल्म धुतल्यावरच कळते. न्यूयॉर्कमध्ये बिट्झरला आपली चूक एक-दोन दिवसांत दिसत असे आणि तो ती दुरुस्त करून पुन्हा चित्रण करू शके. मुंबईत ती कळेपर्यंत ऋतू बदललेला असे आणि प्रसंग तर केव्हाच उलटून गेलेला असे. हस्तकौशल्य चुकत-सुधारतच वाढते, आणि सावेदादांना चूक पाहण्याचीच सोय नव्हती. प्रत्येक चित्रण हे जणू त्यांचे पहिलेच चित्रण होते.

त्यात खर्चाची बाजू आहे. धुलाई, प्रिंट आणि दुहेरी प्रवास यांचा भार मिनिटभराच्या चित्रावर पडे. याउलट परदेशातून आलेली तयार फिल्म विकत घेऊन दाखविणे स्वस्त आणि बिनधोक होते. एका बाजूस स्वतः केलेले चित्रण आणि दुसऱ्या बाजूस आयात चित्रपटांचे प्रदर्शन असे दोन व्यवसाय एकाच माणसाच्या हातात आले तेव्हा पैसा कोणत्या बाजूने येणार हे उघड होते.

माकडे, रँग्लर आणि दरबार

तरीही सावेदादांनी चित्रण सोडले नाही. सर्कशीतील माकडांना दिले जाणारे शिक्षण हा त्यांच्या दुसऱ्या चित्रणाचा विषय होता. १९०१ मध्ये पारशी समाजाच्या आतश बेहराम या अग्निमंदिराचे त्यांनी चित्रण केले. परंतु त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम डिसेंबर १९०१ मधील आहे.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे कोकणातील मुर्डीचे. केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली ते संयुक्तपणे सीनिअर रँग्लर ठरले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. साऱ्या महाराष्ट्रात त्याचा आनंद झाला. १९०१ च्या अखेरीस ते मायदेशी परतले, तेव्हा मुंबईत त्यांचे जंगी स्वागत झाले आणि सावेदादांनी ते चित्रित केले. भारतीयाने केलेले भारतातील पहिले वृत्तचित्रण म्हणून त्याकडे पाहिले जाते. पुढे परांजपे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

या निवडीत सावेदादांची स्वतंत्र दृष्टी दिसते. त्या काळी भारतात चित्रण करणारे युरोपीय छायालेखक मिरवणुका, घाट, फकीर, हत्ती टिपत. म्हणजे युरोपच्या प्रेक्षकाला जो भारत हवा होता तो. गणितात पहिला आलेला, गोदीत उतरणारा आणि स्वतःच्या समाजाकडून हार स्वीकारणारा मराठी तरुण हा त्यांचा विषय होऊ शकत नव्हता. तो विषय येथल्या प्रेक्षकासाठी, येथल्या माणसाने निवडला होता. ब्रिटिश संसदेचे सदस्य सर मंचरजी भावनगरी यांच्या आगमनाचे चित्रणही सावेदादांनी केले. जानेवारी १९०३ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त दिल्ली दरबार भरविला, तेव्हा परदेशी कंपन्यांच्या छायालेखकांबरोबर सावेदादाही तेथे कॅमेरा घेऊन उभे होते. साम्राज्याचा सोहळा आणि रँग्लरचे स्वागत या दोहोंसाठी एकच कॅमेरा वापरला गेला. राष्ट्रवादाच्या कप्प्यात त्यांना बसवू पाहणाऱ्याने ही दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. ते व्यावसायिक होते. गर्दी जेथे जमेल तेथे जाणे हा त्यांचा धर्म होता.

दिल्ली दरबारानंतर त्यांच्या चित्रणांची नोंद विरळ होत जाते. बंधूंच्या निधनानंतर त्यांनी कॅमेरा विकला. तो अ. प. करंदीकर, श्री. ना. पाटणकर आणि वि. प. दिवेकर यांच्याकडे गेला. पैकी पाटणकर पुढे मूकपटांचे दिग्दर्शक व छायालेखक म्हणून नावारूपास आले. 'नारायणराव पेशव्यांचा मृत्यू' हा १९१५ मधील त्यांचा मूकपट भारतातील पहिला ऐतिहासिक चित्रपट मानला जातो. म्हणजे यंत्र चालू राहिले, ते चालविणारे बदलले.

बिट्झर : नोकरीतून घडलेला छायालेखक

याच काळात बिट्झर काय करीत होता? १९०४ मध्ये त्याने वेस्टिंगहाऊसच्या कारखान्यांत आत जाऊन पाऱ्याच्या दिव्यांच्या उजेडात कामगारांचे चित्रण केले. १९०८ मध्ये डेव्हिड ग्रिफिथ हा नट बायोग्राफ कंपनीत दिग्दर्शक झाला आणि कॅमेऱ्याविषयी त्याला जे ठाऊक नव्हते ते सांगण्यास बिट्झर तेथे होता. दोघांनी मिळून शेकडो लघुपट केले. १९१० च्या हिवाळ्यात कंपनी ऊन शोधत कॅलिफोर्नियाला गेली. तेथे हॉलिवूड नावाच्या लहानशा वस्तीत 'इन ओल्ड कॅलिफोर्निया' हा लघुपट चित्रित झाला. हॉलिवूडमध्ये चित्रित झालेला पहिला चित्रपट म्हणून त्याची गणना होते आणि त्याचा छायालेखक बिट्झर होता. ज्याला पुढे 'हॉलिवूडचा छायालेखक' म्हणण्यात आले, त्या व्यवसायाची सुरुवात ऊन शोधण्यातून झाली, आणि ते ऊन मुंबईत वर्षातील आठ महिने फुकट मिळत होते.

१९१५ चा 'द बर्थ ऑफ अ नेशन' आणि १९१६ चा 'इन्टॉलरन्स' हे बिट्झरच्या कारकिर्दीचे शिखर. पैकी पहिल्या चित्रपटाने कृष्णवर्णीयांविषयी जो द्वेष पसरविला, त्याचे समर्थन कोणत्याही तांत्रिक गुणवत्तेने होऊ शकत नाही. कॅमेरा उत्तम चालविला म्हणून आशय निर्दोष ठरत नाही. १९१९ मध्ये हॉलिवूडमध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ सिनेमॅटोग्राफर्सची स्थापना झाली. तिच्या पूर्वसुरींपैकी एका मंडळाचे नाव 'स्टॅटिक क्लब' असे होते. फिल्म कॅमेऱ्यातून सरकताना स्थिर विद्युत्‌ निर्माण होऊन निगेटिव्हवर विजेच्या रेषा उमटत; ती त्या काळच्या प्रत्येक छायालेखकाची डोकेदुखी होती. डोकेदुखी सामायिक असली की संघटना उभी राहते. मुंबईत अशी डोकेदुखी वाटून घेण्यास सावेदादांना समव्यवसायी कोण होते? कलकत्त्यात हिरालाल सेन होते, पण ते हजार मैल दूर आणि त्यांचीही झुंज एकाकीच.

बिट्झरचा उत्तरकाळ मात्र सुखाचा झाला नाही. १९२० च्या सुमारास मऊ, धूसर चित्रणाची नवी पद्धत आली. ग्रिफिथने हेन्रिक सार्टोव्हला पुढे केले आणि बिट्झर हळूहळू मागे पडला. अखेरच्या वर्षांत तो न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या चित्रपटविभागात काम करीत होता. १९४४ मध्ये त्याचे निधन झाले. त्याचे आत्मचरित्र १९७३ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर जवळपास तीस वर्षांनी, प्रसिद्ध झाले.

फाळके यांनी काय बदलले

सावेदादांची अडचण फाळके यांच्या लक्षात आली होती असे त्यांच्या तयारीवरून दिसते. १९१२ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन कॅमेऱ्याबरोबरच फिल्मला छिद्रे पाडण्याचे आणि प्रिंट काढण्याचे यंत्रही घेतले. आपल्याकडे चित्रपट घरी धुतला जाऊ लागला तो तेव्हापासून. सरस्वतीबाई फाळके रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडत आणि धुलाईच्या रसायनांचे मिश्रण करीत. 'राजा हरिश्चंद्र'चे छायालेखन त्र्यंबक बी. तेलंग यांनी केले. त्यांना हे काम फाळके यांनीच शिकविले. आता चूक दुसऱ्या दिवशी दिसू लागली, आणि म्हणूनच ती शिकविताही येऊ लागली. भारतीय छायालेखनाची गुरुशिष्य-परंपरा येथून सुरू होते. सावेदादांकडून यंत्र पुढे गेले; अनुभवाची शाळा मात्र उभी राहू शकली नाही, याचे कारण त्यांच्या घरातील अंधारी खोली पुरेशी मोठी नव्हती, इतके साधे आहे.

कागदावर टिकलेले चित्र

दोघांच्या कीर्तीतील अंतराचे आणखी एक कारण आहे आणि त्याचा कलेशी काहीच संबंध नाही. सावेदादांच्या एकाही चित्रणाची प्रत आज उपलब्ध नाही. हिरालाल सेन यांच्या फिल्म १९१७ मधील आगीत भस्मसात झाल्या. नायट्रेटची फिल्म ज्वालाग्राही असते आणि आग लागली नाही तरी काळाबरोबर ती कुजते. पण अमेरिकेतही फिल्म नायट्रेटचीच होती. मग बिट्झरची चित्रे कशी टिकली?

अमेरिकेच्या तत्कालीन स्वामित्व-हक्क कायद्यात चलच्चित्राची तरतूद नव्हती, छायाचित्राची होती. तेव्हा निर्माते संपूर्ण चित्रपट कागदी पट्ट्यांवर छापून लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये नोंदणीसाठी देत. १९१२ पर्यंत अशी तीन हजारांहून अधिक चित्रे तेथे जमा झाली. कागद टिकला. विसाव्या शतकाच्या मध्यास त्या पट्ट्यांवरून पुन्हा फिल्म तयार करण्यात आली. बायोग्राफ कंपनीची चित्रे आज पाहता येतात ती बरीचशी या कारकुनी सोयीमुळे.

भारतात छापील मजकुराबाबत असा नियम होता. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने प्रत्येक मुद्रित पुस्तकाची प्रत सरकारकडे देणे बंधनकारक केले आणि त्यामुळेच एकोणिसाव्या शतकातील किरकोळ मराठी पुस्तिकांचीही नोंद आज सापडते. चलच्चित्र या कायद्याच्या बाहेर राहिले. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोपर्यंत मूकपटांचा बहुतांश भाग नष्ट झाला होता. 'राजा हरिश्चंद्र'चाही पूर्ण चित्रपट उपलब्ध नाही. मराठवाड्यातील जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणच्या जुन्या फोटो स्टुडिओंतील काचेच्या निगेटिव्हकडे पाहताना हा इतिहास डोळ्यांसमोर असावयास हवा. काच पुसून तिचे खिडकीचे तावदान करण्याची वेळ अनेक ठिकाणी आली. त्या काचांवर कोण होते हे आता सांगता येणार नाही.

गेटी थिएटर

कॅमेरा सोडल्यावर सावेदादांनी चित्रपट-प्रदर्शनाच्या व्यवसायात जम बसविला. बोरीबंदरासमोरील गेटी थिएटरचे, म्हणजे पुढच्या कॅपिटॉलचे, व्यवस्थापन त्यांच्याकडे होते आणि त्यात त्यांना आर्थिक यशही मिळाले. त्यांची कथा दारिद्र्यात अंत पावलेल्या उपेक्षित कलावंताची नाही. चरित्रकारांना प्रिय असलेला तो साचा येथे बसत नाही. त्यांनी हिशेब केला आणि फायद्याची बाजू निवडली. तोटा झाला तो छायालेखनाचा.

छायालेखकाला भारतात प्रतिष्ठा मिळण्यास मात्र फार अवधी लागला. १९६९ पासून दिल्या जाणाऱ्या दादासाहेब फाळके पुरस्कारावर छायालेखकाचे नाव प्रथम उमटले ते २००८ च्या पुरस्काराने, व्ही. के. मूर्ती यांच्या रूपाने. सावेदादांचे निधन १९५८ मध्ये, वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर झाले. त्याच वर्षी फरेदून इराणी यांनी छायालेखन केलेला 'मदर इंडिया' हॉलिवूडच्या ऑस्कर पुरस्कारासाठी परभाषिक चित्रपटांच्या अंतिम नामांकनात होता. रंगीत फिल्मवरच्या त्या चित्रपटाच्या प्रिंट लंडनमधील टेक्निकलर कंपनीत काढण्यात आल्या होत्या.